सव्वादोन फेरे

सरांच्या घरातल्या प्रत्येक नळावर खडूच्या दोन रेघा असायच्या. एक चावीवर, एक खाली नळाच्या अंगावर. दोन्ही रेघा समोरासमोर आल्या की नळ बंद झाला, त्यापुढं पिळायचा नाही, असा त्या घरचा कायदा. पाहुणा असो की कामवाल्या मावशी, कुणी रेघेपुढं नळ आवळला की सर आतल्या खोलीतून सांगायचे, "पावफेरा जास्त झाला." तो पावफेरा वायसर खातो, वायसर गेला की नळ ठिबकतो, आणि जिथं आठ-आठ दिवसांनी पाणी येतं तिथं ठिबकणारा नळ म्हणजे पाप, हे सगळं ते एकदाच समजावून सांगत. दुसऱ्यांदा वेळ आली तर नुसते बघत. ते बघणं फार वाईट होतं.

नळच कशाला, गॅसचं बटण, पंख्याचा रेग्युलेटर, लोणच्याच्या बरणीचं झाकण, सगळ्यावर रेघा. काकू, म्हणजे सरांच्या मंडळी, पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या, "घरात जे जे फिरतं त्याला ह्यांनी खूण केलीय. मी तेवढी राहिलेय."

"तुझं टोक मला अजून सापडलेलं नाही," सर वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले. काकूंना हसू आलं. मला हसावं की नाही ते कळेना, म्हणून मी पाणी प्यायले.

मी त्यांच्याकडं नोकरीला लागले ती कॉम्प्युटर येतो म्हणून. बजाजनगरला त्यांची मोटार ड्रायव्हिंग शाळा होती, दोन गाळ्यांची. तेव्हा त्या बाजूला रोज नवी इमारत उठत होती आणि रोज एखादी बोअर कोरडी पडत होती. माणसं वाढत होती, पाणी आटत होतं आणि दोन्हींच्या मधे टँकर धावत होते. टँकर म्हटलं की ड्रायव्हर आले, म्हणून आमची शाळा चालत होती. दुष्काळावर पोट भरणाऱ्यांत आपणही आहोत हे मला कळत होतं आणि आवडत नव्हतं. पगार मात्र मी वेळेवर घेत होते.

सर वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं स्टिअरिंग तपासायच्या विभागात होते. बारीक अंगाचे, पांढरा हाफ शर्ट, खिशात पेन नाही, खडू. बोलणं हळू, एकाच पट्टीतलं. मला त्या हळू बोलण्याचीच धास्ती वाटायची. आमच्या देवगाव रंगारीला माणूस रागावला की चार शेतं पलीकडं ऐकू जातं, त्यामुळं राग आला आणि गेला एवढं तरी समजतं. सरांचा राग आलाय की नाही, हेच समजायचं नाही.

शाळेचं वैभव म्हणजे ते चाक. शहरातलं एक गेमिंग पार्लर बंद पडलं तेव्हा तिथलं रेसिंगचं चाक सरांनी उचललं होतं. पार्लरमध्ये पोरं त्यावर पडद्यावरच्या शर्यतीच्या गाड्या पळवायची. सरांनी त्याला ट्रकचं मोठं स्टिअरिंग बसवलं, भंगारातली सीट लोखंडी चौकटीवर घातली, समोर टीव्ही लावला आणि कॉम्प्युटरवर शर्यतीऐवजी ट्रक चालवायचा खेळ घातला. चाकामागं मोटर होती. रस्त्यावर खड्डा आला की ती हाताला हिसका द्यायची, वळण आलं की जोर लावायची. पण खऱ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवत नेलं की एका जागी अडतं, तसं अडणं या चाकाला ठाऊक नव्हतं. कुठं अडायचं ते कॉम्प्युटरला एका आकड्यात सांगावं लागे आणि किती कडक अडायचं ते दुसऱ्या आकड्यात. मग चाक तिथं पोचलं की मोटर उलटा रेटा द्यायची आणि हाताला भिंत लागल्यासारखं वाटायचं. इंग्रजीत त्याला एंड स्टॉप म्हणतात. सर टोक म्हणायचे.

चाक आणलं त्या दिवशी पार्लरच्या माणसानं टोकाचा आकडा टाकलाच नव्हता. सरांनी हात लावला मात्र, चाक फिरतच सुटलं. मागची वायर पिळवटली आणि चाकाच्या आडव्या दांडीनं सरांचा अंगठा असा ठोकला की तो पंधरा दिवस वांग्यासारखा होता. दुसरा कुणी असता तर चाक परत केलं असतं. सर त्या अंगठ्याकडं कौतुकानं बघायचे. "ज्याला टोक नाही त्याच्यावर भरवसा ठेवू नये," एवढंच म्हणाले. "वस्तू असो की माणूस."

टोकाचा आकडा त्यांनी पुस्तकातून घेतला नाही. एका उभ्या टँकरच्या केबिनमध्ये चढले, इंजिन चालू ठेवायला सांगितलं, स्टिअरिंगला सुतळी बांधली आणि फेरे मोजले. सरळ चाकापासून डावीकडं सव्वादोन, उजवीकडं सव्वादोन. मग शाळेच्या भिंतीवर खडूनं लिहिलं, टँकर सव्वादोन. त्याखाली, कार दीड. त्याखाली, ट्रॅक्टर दीड. मी ते हिशेब करून कॉम्प्युटरमध्ये घातले. पासवर्ड माझ्याकडंच होता, कारण सरांना कीबोर्डचा कंटाळा होता.

रोज सकाळी शाळा उघडली की सर त्या सीटवर बसत, डोळे मिटत आणि चाक आधी डावीकडं टोकापर्यंत, मग उजवीकडं टोकापर्यंत नेत. ओठ हलायचे. देवपूजा करणाऱ्या माणसाला हाक मारू नये तसं आम्ही त्या वेळी गप्प राहायचो. शिकायला येणाऱ्यालाही पहिले आठ दिवस हेच. डोळ्यांवर गमछा, हात चाकावर, आणि सरांचा प्रश्न, "टोक सापडलं?"

लोक वैतागायचे. गाडी शिकायला आलो, आंधळी कोशिंबीर खेळायला नाही, असं एकानं तोंडावर म्हटलं. सर म्हणाले, "रस्ता रोज बदलतो. टोक बदलत नाही. जे बदलत नाही ते आधी शिकावं."

दुसरं वाक्य, "टोकाला लागलास की बोटभर मागं ये." टँकरचं स्टिअरिंग टोकाला दाबून धरलं की आतला पंप तापतो, नळी फुटते, म्हणून. पण सर ते कुठंही वापरायचे. एकदा शेजारच्या कॉलनीत टँकरपुढं कुणाचा पाइप आधी लावायचा यावरून दोन शिकलेसवरले गृहस्थ गचांडीवर आले. सर मधे जाऊन उभे राहिले. "दोघंही टोकाला लागलाय. बोटभर मागं या." त्यातल्या एकानं सरांनाच ढकललं आणि ते चिखलात बसले. बसल्या जागेवरून बोटभर मागं सरकले आणि मग उठले. भांडण तिथंच थांबलं, हसू आल्यावर भांडायचं कसं.

रस्त्यावर प्रत्यक्ष गाडी शिकवायला चाचा होते. शहागंजचे, चाळीस वर्षं ट्रकवर काढलेले. सर कधी गाडीत बसले तर डावीकडं बसत आणि घरी-शाळेत सायकलवर ये-जा करत. मोठ्या माणसाचा साधेपणा, असं आम्ही समजायचो. चाचांना मी एकदा विचारलं, सर स्वतः कसे चालवत असतील हो. चाचा काच पुसत होते. म्हणाले, "सर की बात अलग है बेटी. गाडी उनके कान में है." आणि काच पुसत राहिले.

त्या उन्हाळ्यात दादा माझ्याकडं राहायला आला. माझा थोरला भाऊ. देवगावला विहीर आटली, बोअरला धूळ आली, आणि पेरायला काही उरलं नाही तेव्हा त्यानं ट्रॅक्टर शेडमध्ये लावला आणि कपड्यांची पिशवी घेऊन बजाजनगरला आला. जड गाडीचं लायसन त्यानं पूर्वीच काढून ठेवलं होतं, पण हाताला सवय ट्रॅक्टरची. गावाकडच्या वस्त्यांवर पाणी पोचवणाऱ्या एका ठेकेदाराला ड्रायव्हर हवे होते. त्याची एकच अट होती, आमच्या सरांची चिठ्ठी आणा. गाडी मागं घेता येते, असं सरांनी लिहून दिलं की काम पक्कं.

दादाचं डावं कोपर लहानपणी मोडलेलं, पूर्ण वळत नाही. परीक्षा चाकावरच होती. पडद्यावर अरुंद जागा, त्यात टँकर मागं घालायचा, चार मिनिटांत. दादा पहिल्यांदा नापास झाला कारण दीड फेऱ्यावर त्याचे हात आपोआप थांबले. ट्रॅक्टरची सवय. टँकर वळलाच नाही, पडद्यावरच्या भिंतीला लागला. दुसऱ्यांदा त्यानं सव्वादोन फेरे नेले, पण कोपर मागं पडलं आणि वेळ संपली. तिसऱ्यांदा पुन्हा दीडवर थांबला.

"एक महिना सराव कर, मग ये," सर म्हणाले.

घरी आल्यावर दादा भिंतीला टेकून बसला. "महिन्यानं कोण थांबतंय आपल्यासाठी," तो म्हणाला. "टँकरचं काम उन्हाळ्यापुरतंच हाय. पाऊस पडला की संपलं. मंग काय करू मी हितं? तुझ्या जिवावर भाकरी खाऊ?" मी त्याला म्हटलं, असं बोलू नको. तो म्हणाला, "मंग कसं बोलू?" आणि त्या दिवशी जेवलाच नाही. माझ्या आठवणीत हा माणूस पंगतीत चार भाकरी खाणारा. मला ते बघवेना.

मी सरांकडं शब्द टाकला. आणखी एक संधी द्या म्हटलं. सरांनी बराच वेळ माझ्याकडं बघितलं. शनिवारी त्यांना डोळे तपासायला शहरात जायचं होतं. त्यांनी चिठ्ठीच्या कोऱ्या कागदावर सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. "परीक्षा तू घे. पास झाला तर नाव लिही," म्हणाले.

इतका विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता, आणि त्याचं मी काय केलं ते आता लिहिते. शनिवारी दुपारी दादा यायच्या आधी मी टँकरचा आकडा काढून तिथं दीड फेऱ्यांचा आकडा घातला. टोकाला हिसका बसून त्याचं कोपर दुखू नये म्हणून दुसरा आकडाही कमी केला, टोक मऊ केलं. दादाला काही सांगितलं नाही. तो बसला, दीड फेरे फिरवले, पडद्यावरचा टँकर पूर्ण वळला आणि सव्वातीन मिनिटांत जागेवर लागला. "आज चाक कसं हातचं वाटलं बग," तो म्हणाला. मी चिठ्ठीवर नाव लिहिलं. अक्षर छान आलं. त्या रात्री तो चार भाकरी जेवला आणि मला झोपही छान लागली, हे सांगायला लाज वाटते पण खरं आहे.

सोमवारी दादा पहाटेच टँकर भरायला गेला. पहिलीच खेप आमच्याच देवगावच्या पलीकडच्या वस्तीवर, तिथल्या सार्वजनिक विहिरीत पाणी ओतायला. मी शाळेत आले. सर सीटवर बसले, डोळे मिटले. डावीकडं नेलं, उजवीकडं नेलं. परत डावीकडं. डोळे न उघडताच म्हणाले, "टोक मऊ का लागतंय?"

फेऱ्यांचा आकडा मी आठवणीनं पूर्ववत केला होता. कडकपणाचा विसरले होते.

"शनिवारी लाइट गेली होती सर. सेटिंग गेलं असेल," मी म्हटलं.

सरांनी डोळे उघडले नाहीत. "लाइट गेली तर दोन्ही आकडे जातात. फेरे सव्वादोनच आहेत."

 सर तसेच बसून राहिले, हात चाकावर. बाहेर चाचा गाडी धूत नव्हते, ओल्या फडक्यानं पुसत होते, आणि ते फडकं पिळायचा आवाज मला ऐकू येत होता. मी घड्याळाकडं बघितलं. टँकर भरून निघाला असणार. सरळ रस्त्यावर कुणालाच टोक लागत नाही, दादाला देवगावपर्यंत काहीही कळणार नव्हतं. कळेल ते विहिरीवर. दीड फेरे फिरवून त्याला वाटेल, झालं, एवढंच वळतं. चाक आणखी पाऊण फेरा जातं हे त्याच्या हातांना कधी पटलंच नव्हतं, आणि मी ते खोटं पक्कं करून दिलं होतं. त्या विहिरीवर मी लहानपणी पाणी भरलंय. एका अंगाचा कठडा पडलेला आहे.

मी सगळं सांगितलं. सांगताना दोनदा दादाला फोन लावला, लागला नाही.

सर उठले. "तू त्याला नोकरी नाही दिलीस," ते म्हणाले, त्याच हळू आवाजात. "त्याचं टोक काढून घेतलंस." मग म्हणाले, "तुझी गाडी काढ."

चाचा शाळेची कार घेऊन सकाळच्या पोरींना शिकवायला निघायच्या बेतात होते, त्यांना थांबवावं हे माझ्या डोक्यात आलंच नाही. स्कूटीवर मागं सर, असे आम्ही निघालो. सव्वा तासाची वाट. दोन्हीकडं काळी रानं उघडी पडलेली, कुठं कुठं मागच्या सालच्या कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या. पुढं दिसणारा प्रत्येक टँकर मला दादाचा वाटायचा.  एका खड्ड्यात गाडी जोरात आपटली तेव्हा सरांनी माझा खांदा धरला आणि लगेच सोडला. मला वाटत होतं त्यांनी मला शिव्या घालाव्यात.

विहिरीशी पोचलो तेव्हा टँकर मागं घ्यायला सुरुवात झालेली होती. पन्नास-साठ माणसं, त्यात बायाच जास्त, कठड्याला चिकटून दोर सोडून उभ्या. पाणी ओतलं की आधी ज्याचा पोहरा खाली त्याला स्वच्छ पाणी, म्हणून कुणी जागा सोडेना. टँकर एकदा मागं येऊन बाहेर फाकला होता आणि त्याचं मागचं चाक पडलेल्या कठड्यापासून हातभर अंतरावर उभं होतं. अर्धे लोक "येऊ दे" म्हणत होते, अर्धे "थांब". केबिनमध्ये दादा घामानं निथळत होता. स्टिअरिंग त्यानं घट्ट धरून ठेवलं होतं. मला लांबूनच दिसलं, दीड फेऱ्यावर.

"दादा, थांब," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

सर गर्दीतून चालत गेले आणि डावीकडच्या दारातून वर चढले. मी ड्रायव्हरच्या बाजूच्या पायरीवर चढले. सरांनी दादाला सांगितलं, "ब्रेकवर पाय ठेव. काहीही करू नको." मग खाली बघून लोकांना म्हणाले, "कठड्यावरून सगळे मागं व्हा."

कुणी हललं नाही. सगळ्यात पुढं एक म्हातारी दोर हाताला गुंडाळून उभी होती. "मपला नंबर जाईन ना, लेका," ती म्हणाली. "पहाटंपासून उभी हाय मी."

सरांनी खिशातला खडू काढला आणि माझ्या हातात दिला. "प्रत्येकीच्या जागेवर खूण कर. नाव लिही. खूण असली की जागा जात नाही."

मी खाली उतरले आणि कठड्याच्या दगडावर म्हातारीचं नाव लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं शेजारणीकडून वाचून घेतलं, दोनदा, आणि मग मागं झाली. मग दुसरी. मग बाकीच्या स्वतःच नावं सांगत आल्या. अक्षरं वाकडी येत होती, आणि तेवढा वेळ ते मागचं चाक तिथंच हातभरावर उभं होतं. शेवटी खडू संपला तेव्हा कठडा मोकळा झाला होता.

ठेकेदाराचा माणूस मोटरसायकलवर टँकरच्या मागं आला होता. त्याला घाई होती, दुसरी खेप बाकी होती. तो वर बघून म्हणाला, "सर, तुमीच घ्या की मागं. तुमच्याएवढं कोणाला येतंय? मिनिटात व्हईल."

सरांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "मला गाडी चालवता येत नाही," ते म्हणाले.

आधी कुणाला पटलं नाही. ठेकेदाराचा माणूस हसला. मग थांबला. मी परत पायरीवर चढले होते आणि मला चाचा काच पुसताना आठवले.

"कधी चालवलीच नाही," सर पुढं म्हणाले, ओरडून नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तीस वर्षं टोकं तपासली. गाडीत बसलो की मला टोक आधी दिसतं, मधला रस्ता दिसत नाही. म्हणून मी चालवत नाही. हा चालवणार आहे."

मग दादाकडं वळले. "डोळे मीट."

"सर, इथं?" दादाचा आवाज फाटला होता. "माणसं हायेत सर."

"म्हणूनच. पाय ब्रेकवर. डोळे मीट आणि टोक शोध."

दादानं डोळे मिटले. स्टिअरिंग सरळ केलं आणि डावीकडं न्यायला लागला. एक फेरा. दीड. थांबला.

"सापडलं?"

"व्हय."

"नाही. अजून ने."

"आता जात नाय सर. शनिवारी एवढंच हुतं."

सरांनी माझ्याकडं बघितलं. सांगायचं होतं ते मलाच सांगायचं होतं. "शनिवारी मी आकडा बदलला होता दादा," मी म्हटलं. "चाक खोटं होतं. टँकरचं पुढं जातं."

त्यानं डोळे उघडले नाहीत. ते मिटलेले डोळे मला अजून दिसतात. मग त्याचे हात हलले. दोन. कोपर अडलं, त्यानं हात सोडून पुन्हा धरला, आणि सव्वादोन फेऱ्यांवर स्टिअरिंग थडकलं. त्याचा चेहरा असा झाला, जणू कुणी अंधारात पायरी दाखवली.

"लागलं," तो म्हणाला.

"आता बोटभर मागं ये," सर म्हणाले. "आणि घाई करू नको. घाई माझ्या परीक्षेत होती. ती मी उगीच घातली होती. विहिरीला घड्याळ नाही."

दादानं टँकर आधी पुढं काढला, सरळ केला आणि मग इतक्या हळू मागं आणला की दोन म्हातारे कंटाळून खाली बसले. कोपर अडायचं, तो थांबायचा, हात बदलायचा, परत. चाक कठड्यापासून चांगलं दोन हात लांब राहिलं. पाइप सुटला आणि पाणी विहिरीत पडायला लागलं तेव्हा बाया आपापल्या नावावर जाऊन उभ्या राहिल्या. एकीनंही दुसरीची जागा घेतली नाही.

सर खाली उतरले, ठेकेदाराच्या माणसाकडून चिठ्ठी मागून घेतली आणि फाडली. "सही माझी आहे, परीक्षा माझी नाही," म्हणाले. तो माणूस म्हणाला, "सर, आता तुमच्या सहीचं तरी काय करायचं?" आणि मोटरसायकलला किक मारली. बरोबरच होतं त्याचं. पुढच्या आठवड्यापासून ठेकेदारानं आमच्याकडं माणसं पाठवणं बंद केलं. गोष्ट वाळूजभर झाली. गाडी न येणाऱ्याची गाडीची शाळा, असं लोक हसून सांगायचे. शाळेतली गर्दी निम्म्यावर आली. सरांनी मला कामावरून काढलं नाही. फक्त रोज सकाळी त्यांच्या आधी मला त्या सीटवर बसवायचे, डोळे मिटून, आणि मी सव्वादोन म्हणाले की मग स्वतः बसायचे. याहून कडक शिक्षा मला कुणी दिलेली नाही.

परीक्षेतलं घड्याळ त्यांनी माझ्याकडूनच काढून टाकवलं.

दादा माझ्याशी बारा दिवस बोलला नाही. तेराव्या दिवशी बोलला ते एवढंच, "मला सांगायचं तरी हुतंस बाई. मी नापास झालो असतो, मेलो तर नसतो. तिथल्या बायाबी." मी रडले. त्यानं रडू दिलं. तो रोज शाळेत येऊन चाकावर बसत होता. महिन्यानं सरांनी परीक्षा घेतली आणि तो पास झाला, अकरा मिनिटांत. चिठ्ठीचा उपयोग नव्हताच. पण त्या वस्तीवरच्या लोकांनी ठेकेदाराकडं निरोप धाडला होता, की तो हळू मागं घेणारा ड्रायव्हरच पाठवा, दुसरा नको. ठेकेदाराला ते ऐकावं लागलं. राहिलेला उन्हाळा आणि पुढचाही दादानं टँकरवर काढला.

पहिला पगार झाला त्या रविवारी तो पेढे घेऊन शाळेत आला. सरांनी पेढा घेतला, खाल्ला, हात रुमालाला पुसले. मग म्हणाले, "मला शिकवशील?"

दादाला कळलं नाही. "काय सर?"

"गाडी."

चाचांनी शाळेच्या कारची किल्ली टेबलावर ठेवली आणि बाहेर जाऊन उभे राहिले. आम्ही तिघं कार घेऊन बजाजनगरच्या पलीकडं गेलो. तिथं नुकतेच प्लॉट पाडले होते, मुरमाचे सरळ रस्ते होते आणि अजून एकही घर नव्हतं. सर उजवीकडं बसले. मी त्यांना त्या जागी पहिल्यांदाच बघत होते. शर्ट ताठ, खिशात खडू. इंजिन सुरू झालं. सरांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, डोळे मिटले आणि डावीकडं फिरवायला लागले. ओठ हलत होते. एक. दीड. गाडी जागची हलली नव्हती. मी मागच्या सीटवर बसले होते. त्यांचे हात टोकाला जाऊन थांबले आणि सुटेनात.

दादानं आपला हात त्यांच्या हातावर ठेवला आणि स्टिअरिंग बोटभर मागं आणलं, मग सरळ केलं.

"सर, डोळे उघडा," तो म्हणाला. "रस्ता पुढं हाय."